खांद्यावरचा बूट

त्या वर्षी नॉर्मंडीत सफरचंदांनी झाडं वाकली होती, आणि आल्विनइतका सुखी जर्मन शिपाई शोधून सापडला नसता. शुक्रवारच्या ट्रकने तो रजेवर निघणार होता. तीन महिन्यांच्या लेकीचं तोंडही त्याने अजून पाहिलं नव्हतं.

त्याची गाडी तेवढी विचित्र. फ्रेंचांकडून हिसकावलेला छोटा रणगाडा. वरचा बुरूज उतरवून तिथे रणगाडे फोडायची तोफ चढवलेली. पुढे खाली चालवायला आल्विन एकटा, मागे वर तोफेपाशी सार्जंट टीडेमान. सार्जंटच्या खुणांवर तर तो बेहद्द खूश होता. डाव्या खांद्यावर बुटाचा हलका दाब, की डावीकडे; उजव्यावर, की उजवीकडे. इंजिनाच्या गोंगाटात घसा फोडायला नको.

गुरुवारी सरावात दोन्ही खांदे एकदम दाबले गेले. त्याने गचकन ब्रेक लावला. पुढे पाच हातांवर, हिरव्यागार गवताखाली, दलदल होती.

"साहेब, तुमच्या बुटांनी आज जीव वाचवला," तो खाली उतरत म्हणाला.

"माझ्या?" टीडेमान हसला. "मधे तोफेचा अख्खा सांगाडा आहे, बाबा! माझे पाय काय उंटाचे आहेत?"

"मग इतके दिवस..."

"मीच म्हणायचो, न सांगता हा बरोबर वळतो कसा!"

कुंपणापाशी सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, घडा घेऊन उभा असलेला शेतकरी ल्युसियां हसला नाही. चाळीस साली, फ्रान्स पडण्याआधी, फ्रेंच फौजेत त्यानेही असलाच रणगाडा चालवला होता.

"आमची रीत ती," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "बुरुजातला माणूस बुटानेच बोलायचा. दोन्ही खांदे म्हणजे, जागचा हलू नकोस." मग हळूच, "बुरूज तुम्ही काढलात... त्यातल्या माणसाला कुणी सांगितलं का?"

आल्विनला त्या रात्री झोप लागली, आणि छान लागली. भूत असेना का, जीव तर वाचवला!

शुक्रवारी लख्ख उन्हात ट्रक येऊन थांबला. आल्विन रणगाड्यातली पिशवी घ्यायला आत शिरला, क्षणभर आसनावर टेकला आणि लोखंडावर हात फिरवून म्हणाला, "येतो हं. उपकार विसरणार नाही."

तो उठू लागला. दोन्ही खांद्यांवर दाब आला.

इंजिन बंद होतं.

"आल्विन! ट्रक निघाला रे! लेक म्हातारी व्हायची!" बाहेरून टीडेमान ओरडला.

"आलो... साहेब, आलो..."

त्याने मान वळवली. मागे कुणी नव्हतं. दोन्ही खांद्यांवर कोटाचं कापड तेवढं दबलेलं होतं, आणि ते हळूहळू आणखी दबत चाललं होतं.