मागचा तांबडा दिवा

पहिल्यांदा आला तो काडी मागायला. खालापूरच्या नाक्यावर जिजा दुकान आवरत होती, आणि कर्जतला जाणारी उतारूंची सर्व्हिस मोटार दारातच येऊन थांबली.

"काडीपेटी हाय का? मागचा दिवा इझलाय. दिवस मावळल्यावर तांबडा दिवा नसला, तर सरकार लायसन काढून घेतं."

"मालकाला धरतील की. तुमाला काय?"

"मालकाला कोण इचारतो? गाडी ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची." तो हसला. "आणि गंमत बघा... माझ्याच पाठचा दिवा मला दिसत नाय."

हिरामण त्याचं नाव. त्या दिवसापासून जिजाला नवं काम लागलं. वडील कोंडाजी दम्याने खाटेला खिळले, तेव्हाच दुकान तिच्या गळ्यात पडलं आणि लग्न मागे पडलं होतं. विशी आली तरी कुणी विचारायला फिरकलं नव्हतं. आता मात्र रोज तिन्हीसांजेला ती त्या दिव्याची काच पुसायची, तेल घालायची, वात पेटवायची. मोटार निघाली की तांबडा ठिपका वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. मग इतकं ओकंओकं वाटायचं, की भाकरी गोड लागायची नाही.

एके दिवशी तिला अवदसा आठवली. तिने जेमतेम वात भिजेल एवढंच तेल घातलं. दिवा विझला की गाडी थांबवायची, हा कायदाच. म्हणजे तेल मागायला तो परत येईल, घटकाभर आणखी बोलेल... वळणापाशी दिवा विझला. मोटार मात्र थांबली नाही. थांबणार कशी? त्याला तो दिसतच नव्हता. जिजा पदर खोचून हाका मारत धावली, पण त्या घरघरीत तिचा आवाज कुठे पोचणार.

दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन नागू नावाचा दुसराच ड्रायव्हर आला.

"चौकीवर पकडला हिरामणला. तेल मीच घातलं म्हणाला, येडा. लायसन जमा केलंय. परत देतात का नाय, कुणाला ठावं."

आपल्या हावरेपणाने आपण त्याच्या पोटावर पाय दिला, हे जिजाला जेवू देईना, झोपू देईना. नागूचा दिवा ती रोज भरून द्यायची, पण काच हातात आली की तिचे डोळे भरायचे.

सव्वा महिन्याने मोटार थांबली, आणि उतरला तो हिरामण. वाळलेला, पण हसरा.

"मिळालं लायसन," तो म्हणाला.

"तेल मी मुद्दाम कमी घातलं हुतं," जिजा खाली बघत म्हणाली.

"का गं?"

"तुमी परत यावं म्हणून... दिवा तुमाला दिसत नाय, हे इसरलेच मी."

"निघताना तेल बघणं डायवरचं काम. पण त्या सांजेला..." हिरामण अडखळला. "मी दिव्याकडं बघतच नव्हतो, जिजा."

दिवा तिने काठोकाठ भरला.

"आता मधीच इझायचा नाय," ती म्हणाली.

"नकोच इझायला. उद्या दुपारी येतो, तुझ्या बाबांना भेटायला. दिव्याचं निमित्त नको."

मोटार निघाली. वळणावर तांबडा ठिपका क्षणभर थांबला, भोंगा एकदा वाजला. जिजाने हात हलवला, त्याला दिसणार नाही हे ठाऊक असूनही.