एर्सीलियाचं परदेशी गिऱ्हाईक

नापोलीत, तेही ऐन जुलैत, कातड्याचे हातमोजे घेऊन या माणसाला मिळणार काय होतं? ऊब नको, मिरवायची सोय नाही. एर्सीलियानं मनाशी ताळा जमवला आणि उत्तर एकच आलं... समोरच्या हातमोजेवाल्याचा हेर. बाबांची नवी शिलाई चोरायला आलेला.

दुकानाचा शिरस्ता असा, की गावची गिऱ्हाइकं तिचे वडील, डॉन सबातीनो, बघायचे; परदेशी माणूस आला की एर्सीलिया पुढे. हा तिसऱ्यांदा आला होता, आधीच्या दोन्ही वेळा एकेक जोडी घेऊन गेलेला; आताही प्रवाशांच्या पुस्तकातली वाक्यं जपून मांडत. "कृपया... मी हे घालून पाहू शकतो का?"

तिनं काउंटरवरची छोटी उशी सरकवली. त्यानं कोपर टेकवलं, पंजा वर केला. ती एकेक बोट दाबत हातमोजा चढवू लागली. मनगटाशी त्याची नाडी धावत होती. हेराची धावणारच, तिनं स्वतःला बजावलं. स्वतःची का धावतेय, ते हिशेबात धरलं नाही.

"तुमच्याकडे एवढी थंडी असते?"

"फार... थंडी," म्हणत त्यानं कपाळाचा घाम पुसला.

तिनं मुद्दाम शेजारून कॉफी मागवली. सोबत पाण्याचा ग्लास आला. त्यानं आधी पाणी पिऊन तोंड साफ केलं, मग कॉफी एका घोटात संपवली. हे तर नापोलीकराचं पिणं; परदेशी माणूस पाणी नंतर पितो.

"कुठल्या गल्लीतला रे तू?" तिनं थेट घरच्या बोलीत विचारलं. "आणि समोरचा काय देतो तुला?"

"समोरचा कोण?" तो गडबडला. "मी नुन्त्सियो. बंदरावर बोटीची तिकिटं विकतो. वसंतात आलो होतो, तेव्हा तुझ्या बाबांनी मोजे चढवले — करंगळी मोडायची राहिली. शेजारी तू एका जर्मन बाईंना चढवत होतीस... इतक्या हळू. म्हटलं, आपण परदेशी व्हावं. मिशीसुद्धा काढली."

आतून, शिलाईवरची नजर न काढता, डॉन सबातीनो म्हणाले, "मिशीत बरा दिसायचास. एर्सीलिया, भाव मात्र परदेशीच लाव."

मोजा अर्धाच चढला होता. तिनं हात सोडला नाही.

"आणखी काही हवंय?" दुकानातल्याच सुरात तिनं विचारलं.

"शनिवारची संध्याकाळ... असेल का?"

"ती विकाऊ नाही." ती उरलेलं बोट दाबत राहिली — अगदी हळू. "पण दुकान आठला बंद होतं."

तिन्ही जोड्यांचे पैसे नुन्त्सियोनं मोजले, परदेशी भावानं. मिशी गेली ती वेगळीच. कॉफीचे एर्सीलियानं दिले, आणि ते मात्र दुकानाच्या खर्चात धरले नाहीत.