नटावरची पांढरी रेघ

साहेब, अहवालात तुम्ही खोटं लिहिलंत. "दुसऱ्या मॉडेलची चाकं बसवताना नट सैल राहिल्याने चाकं निखळली." खाली सही, शिक्का. माझ्या बहिणीच्या नावापुढे 'बेपत्ता', आणि फाइल बंद. तुमच्यापैकी एकानेही वाकून ते नट बघितलेले नाहीत. मी बघितले. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी चाकंच बसवतोय. नट सैल की घट्ट हे मला शिक्क्याशिवाय कळतं.

म्हणून घडलं तसं लिहितो.

बहीण लोकांना गाडी शिकवायची. छोटी पांढरी गाडी, आणि शेजारच्या सीटसमोर तिच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकाऊंनी फुटपाथला घासून घासून चाकांची पार वाट लावली होती. म्हणाली, "दादा, या वेळी अलॉयची चकचकीत चाकं टाक. निदान चाकं बघून तरी लोक मला मॅडम म्हणतील."

त्याच आठवड्यात तुमच्या पोलीस ठाण्याच्या जप्तीच्या यार्डात लिलाव होता. कुंपणाजवळ एक मोठी काळी गाडी होती. तिची चारही अलॉय तुम्ही काढून वेगळी विकलीत आणि गाडी विटांवर ठेवलीत. मी विचारलं, हिचा मालक कुठाय? तुमचा कारकून म्हणाला, "चाकं हवीत का मालक?" सगळे हसले. मीही हसलो आणि चारही चाकं घेऊन आलो.

बसवण्याआधी चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर घेतली. बॅलन्स झालेलं चाक फिरवून सोडलं की कुठेही थांबतं. ही चारही, मशीन शून्य दाखवत असताना, हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आला की थांबायची. मशीन म्हातारं झालंय असं म्हणून मी पुढे गेलो.

नटांची भोकं जुळत होती. मधलं भोक मात्र मोठं, त्यामुळे अॅक्सलच्या टोकाला, हबवर, चाक खुळखुळायचं. अशा वेळी मधे रिंग घालतात. बाजारातली रिंग मी वापरत नाही. लेथवर चार रिंगा स्वतः कातल्या, प्रत्येकीच्या कडेवर माझी खूण ठोकली. केसाएवढी फट ठेवली नाही. नट आवळले आणि बोल्टच्या टोकापासून नटावरून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. ही माझी रीत आहे. नट जरा फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून दिसतं.

तिसऱ्या दिवशी बहीण दुकानासमोर गाडी लावून म्हणाली, "दादा, गंमत बघ."

चारही व्हॉल्व्ह सरळ खाली होते.

वळणं घेऊन आलेल्या गाडीची चार चाकं अशी सारखी थांबत नाहीत. बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. मी तिला गाडी पुढे घ्यायला लावली, मागे घ्यायला लावली, चौकातून वळवून आणायला लावली. चारही व्हॉल्व्ह खालीच.

"चाकांना शिस्त आहे," ती म्हणाली. "माझ्या शिकाऊंची शिकवणी यांच्याकडेच लावते."

पुढच्या आठवड्यात आली तेव्हा ती हसत नव्हती. पाण्याच्या टाकीच्या फाट्यावर गाडी डावीकडे ओढते म्हणाली. मी अलाइनमेंट तपासली. सगळं जागच्या जागी. त्या फाट्याला डावीकडचा रस्ता तुमच्या यार्डाकडे जातो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"ब्रेक दाबला की गाडी थांबते," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"थांबल्यावरही खाली काहीतरी फिरत राहतं. तळव्याला लागतं ते. दादा, काढ ना ती चाकं."

"माझ्या हातचं काम आहे. तू दमलीयेस, बाकी काही नाही."

ती गाडीकडे वळली. मग मी म्हणालो, "उद्या दुपारी आण. तुझ्या समाधानासाठी काढतो."

त्या वेळी जॅक माझ्या पायाशी पडलेला होता. पाना हातात होता. गुन्हा लिहायचाच असेल तर हा लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिची एक शिकाऊ दुकानात चालत आली. पन्नाशीच्या बाई, शाळेत ग्रंथपाल आहेत. पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरून बसल्या.

"फाट्यावर मी उजवीकडे वळवत होते, गाडी डावीकडे जायला लागली. मॅडमनी त्यांचा ब्रेक दाबला. थांबली. मग म्हणाल्या, काकू, पटकन उतरा. मी पाय काढला तर ही निघेल."

"मग?"

"मी उतरले. त्यांनी पाय काढला नाही हो. मी दारातून बघत होते. काढलाच नाही. तरी गाडी गेली."

"चालवत कोण होतं?"

"कोणी नाही."

फाट्यापासून थोडं पुढे मला गाडी सापडली. लख्ख ऊन होतं. गाडी रस्त्याच्या मधोमध पोटावर बसलेली, चारही चाकं गायब. डांबरावर एक ओरखडा नाही. दारं बंद. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला, आणि सीटवर कोणी नाही.

मी वाकून नट बघितले. सोळाच्या सोळा बोल्टवर जिथल्या तिथे होते. नट आणि हबच्या मधे रिमच्या जाडीएवढी मोकळी जागा. बोल्टवरून नटावर गेलेली रेघ कुठेही तुटलेली नाही. नट न फिरवता चाकं गेली होती.

मग आत बघितलं. तिचा ब्रेक नव्हता. कापलेला नाही, उपटलेला नाही. तिथे नुसती सपाट चटई.

हे सगळं मी तुमच्या माणसाला दाखवलं. त्याने उभ्यानेच लिहून घेतलं, "नट सैल."

काल मी यार्डात गेलो.

काळी गाडी विटांवर नाही. चार चाकांवर उभी आहे. रिमवर माझ्या रेघांचे उरलेले तुकडे आहेत. चाकाची मधली टोपी काढली तर आत रिंग, कडेवर माझी खूण. चारही व्हॉल्व्ह खाली.

रखवालदाराला विचारलं, चाकं कोणी बसवली? तो म्हणाला, "हिला कोण हात लावणार? चाव्या साहेबांच्या खणात असतात."

काचेवर धुळीचा थर होता. बाहीने पुसून आत बघितलं. सीट रिकामी.

शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक आहे. त्याचं रबर एका कोपऱ्याला झिजलंय, तिचं झिजलं होतं तसंच.

तो तळापर्यंत दाबलेला आहे.

मी तासभर उभा होतो. तो वर आला नाही. फक्त मधूनमधून थरथरत होता, पाय भरून आल्यावर थरथरतो तसा.

साहेब, चाव्या तुमच्याकडे आहेत. तिने अजून किती वेळ धरून ठेवायचं? उत्तर द्या.