पिवळा ठिपका

बाबांना जाऊन महिना झाला, त्या रविवारी त्यांच्या आठवणी सांगायला माणसं गॅरेजमध्येच जमली. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. बाबांचा मुलगा दाराशी बसला होता. गॅरेज आता तोच चालवत होता, त्यामुळे ऐकून घेणं भागच होतं.

नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखायचे, असं कुणी म्हणालं. नातीच्या शाळेत कार्यक्रम असला की ग्रीसच्या हातांनीच पहिल्या रांगेत जाऊन बसायचे, हे शेजारच्या सुताराने सांगितलं. पिवळ्या ठिपक्याचा किस्सा तर तिघांनी सांगितला. नट आवळून झाला की बाबा खिशातली रंगाची डबी काढायचे आणि काडीने त्यावर पिवळा ठिपका द्यायचे. ठिपका दिसला की गिऱ्हाइकाने बिनघोर जावं.

"एवढा काटेकोर माणूस," सुतार म्हणाला, "आणि जॅकवरच्या गाडीखाली टेकू लावायला विसरावा?"

मुलाने मान वर केली नाही. टेकू लावायचं काम त्याचं होतं. त्या दिवशी फोनवर बोलता बोलताच त्याने "लावलाय" म्हणून सांगितलं आणि त्याच्या शब्दावर बाबा गाडीखाली शिरले, आणि जॅक सटकला. पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने बाबाच विसरले म्हणून सांगितलं. जन्मभर कमावलेलं नाव पोटच्या पोराने मातीत घातलं होतं, आणि तेही किती सहज.

घरी आल्यावर आई म्हणाली, "ते विसरले असतील, हे काही मला पटत नाही रे."

"वय झालं होतं, आई."



सोमवारी आईची डुगडुगणारी खुर्ची घट्ट झालेली दिसली. खाली वाकून पाहिलं तर नटावर पिवळा ठिपका. जुना असेल म्हणून त्याने बोट लावलं, तर रंग बोटाला लागला. बायकोला विचारलं. मला दुसरे उद्योग नाहीत का, असं म्हणून तिने त्यालाच झापलं. बाबांची डबी तर त्यांच्या खिशातच होती आणि त्यांच्याबरोबरच गेली होती.

मंगळवारी लेकीच्या सायकलवर ठिपके. बुधवारी बायकोच्या शिवणयंत्रावर. घरातलं ढिलं झालेलं सगळं एकेक करून आवळलं जात होतं. त्याच्या वापरातल्या वस्तूंना मात्र कुणी हात लावला नव्हता. त्याने कपाटं धुंडाळली, दोनदा कुलपं बदलली. कुणाला सांगणार? सांगायचं तर टेकूपासून सांगावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी सगळे मामाकडे निघाले. वाटेत लांबलचक उतार होता. निघण्यापूर्वी त्याने गाडी तपासली. चारही चाकांच्या प्रत्येक नटावर ठिपका. बायकोच्या सीटखालच्या बोल्टांवर ठिपके. मागे आई आणि लेक बसणार, तिथेही.

त्याच्या सीटखालचे चारही बोल्ट कोरे होते. बोटांनी फिरत होते.

त्याने पाना आणला आणि दात-ओठ खाऊन चारही आवळले. घाम पुसून मागे पाहिलं तर आई सीटवर बसून सगळं बघत होती.

"तुझ्या सीटला नाही लावला का ठिपका?"

त्याने पाना खाली ठेवला.

"विसरले असतील," आई म्हणाली. "वय झालं होतं ना."

आता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. तोंडही उघडलं. पण बायको येऊन बसली, लेकीने दार लावलं, आणि तो आपल्या सीटवर जाऊन बसला.

त्याने सीटखाली हात घातला आणि आत्ताच आवळलेल्या बोल्टला बोट लावलं.

तो अलगद फिरला.