न नेसलेली पांढरी साडी

प्रशिक पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा मी भरल्या ताटासमोर उपाशी होते. हिंगण्यातल्या आमच्या कारखान्याचं कँटीन, दुपारचा एक वाजलेला, रमजानचा पहिला दिवस. यंदा रोजा ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं… वांग्याची भाजी पुढ्यात होती, पण हात काही उठेना.

"तुमी जेवून काहून नाही राहिल्या?" त्यानं विचारलं. मेंटेनन्समधला मुलगा, बाहीला ग्रीस लागलेलं, डोळे मात्र लख्ख. "भाजी खराब आहे का?"

"आज माझा रोजा नाही," मी म्हणाले. "म्हणून जेवता येत नाहीये."

दुसरा कुणी असता तर हसला असता. यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग अर्धंच जेवा."

मी अर्धं जेवले. वर संध्याकाळची अजान होईपर्यंत दहादा घड्याळ पाहिलं, आणि उगाचच त्याच्यावर चिडले.

माझं नाव सदफ. कामठीच्या आमच्या घरात गाणं नव्हतं, खिडकीत उभं राहणं नव्हतं, मोठ्यांना उलट उत्तर तर नव्हतंच. अब्बा वाईट नव्हते. ते घाबरायचे, आणि त्यांची भीती आम्हा बहिणींना पाळावी लागायची. बीएस्सी झाल्यावर त्यांनी माझा निकाह ठरवला, मला न विचारता. मी नाही म्हणाले नाही, तोंडाला तशी सवयच नव्हती. अब्बा दुकानात गेल्यावर मी सर्टिफिकेटं पिशवीत भरली आणि नागपूरची बस धरली. त्याला आठ महिने झाले होते.

पण सुटले म्हणून स्वस्थ थोडीच होते! हात सारखा डोक्याकडे जायचा, नसलेली ओढणी सारखी करायला. होस्टेलच्या खोलीत गाणं लावलं की दोन मिनिटांत बंद करायचे. शेजारणीच्या मोबाइलवरून अम्मीचा फोन यायचा… आम्ही दोघी फक्त रडायचो.

प्रशिकनं मोटारसायकल सोडून कंपनीच्या बसनं यायला सुरुवात केली. पेट्रोल महागलं म्हणे! मी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलते म्हणून तो मला चिडवायचा. शाळेतच शिकले, तर आणखी कशी बोलणार? तो हसला की मी खिडकीबाहेर बघायचे — आणि बाहेर बघण्यासारखं काहीच नसायचं, नुसती गोदामं.

एकदा बसमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की त्याचे आजोबा देवाजीसुद्धा असेच निघाले होते, छप्पन साली, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन, जुना धर्म मागे टाकून. मला एकदम राग आला.

"तुझ्या आजोबांसोबत लाखो माणसं होती," मी म्हणाले. "माझ्यासोबत एक पिशवी होती."

त्याचा स्टॉप आला, तो उठला. उतरताना म्हणाला, "बरोबर आहे तुझं." त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात त्यानं लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले… आणि एका रविवारी त्याच्या घरी गेले. त्याची आई, सत्यवती, फार मायेची बाई. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि मांडीवर एक कोरी पांढरी साडी ठेवली. पुढच्या रविवारी ती नेसून विहारात जाऊन दीक्षा घ्यायची, मग लग्न, म्हणजे कोणी काही बोलायला नको. त्यांनी हे इतक्या प्रेमानं सांगितलं की मला श्वासच घेता येईना. साडी हातात तशीच धरून मी बाहेर पडले. पाय थेट बसस्टॉपकडे निघाले होते.

प्रशिक मागून धावत आला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "मले वाटलं, तुले चालून जाईल."

"मला तू हवा आहेस, प्रशिक. फार हवा आहेस. पण मी आत्ताच कुठे एका घरातून निघाले. पुढे काय व्हायचं ते मला माहीत नाही. समज, उद्या मी परत नमाज पढायला लागले — चालेल तुला?"

तो लगेच बोलला नाही. लगेच हो म्हणाला असता, तर माझा विश्वासच बसला नसता.

"जड जाईल," तो म्हणाला. "आईले तर लय जड जाईल. पण मले तू पाहिजे. बाकी तू ठरव." त्यानं हात पुढे केला. "दे साडी. मी सांगतो आईले."

मी साडी दिली नाही. बस आली, थांबली आणि निघून गेली. मी वळले आणि पुन्हा त्या दारात गेले.

"आई," मी म्हणाले, "मी प्रशिकशी लग्न करीन. पण ही नेसणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणाले होते, आणि पळाले नव्हते. त्यांनी साडी घेतली. घडी मोडली, पुन्हा घातली. डोळे पुसले. प्रशिक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"उभी काहून आहे?" त्या शेवटी म्हणाल्या. "बस वं."

मी बसले.