दोन डॉलरला गेलेली काठी

"ओडी, त्या इस्त्रीवर पन्नास सेंटची चिठ्ठी चिकटव! आणि गिऱ्हाइकांना हसू नकोस!" टेसनं दटावलं.

"मी कुठं हसतोय? त्या आजोबांनी आपली बसायची घडीची खुर्चीच विकत मागितली!"

आज सगळ्या गावाचा यार्ड सेल! घरोघरच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली. टेसच्या आईचा तर हा सणच. घरातली अडगळ विकायची आणि वर्षभराचे कपडे, भांडी दुसऱ्यांच्या अंगणातून निम्म्याहून निम्म्या किमतीत आणायची. बारा वर्षांची टेस पैसे घ्यायला बसली होती. धाकटा भाऊ ओडी हरकाम्या. शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या मिसेस फोगलही आपल्या जुन्या कपबश्या मांडून त्याच टेबलाशी बसल्या होत्या.

एवढ्यात समोरून डेलनी आली. टेसच्या वर्गातली! टेसच्या अंगातला निळा स्वेटशर्ट मागच्या वर्षी डेलनीच्याच अंगणातून दीड डॉलरला आणलेला होता. बाहीवरचा शाईचा डागही तोच. आता ती ओळखणार आणि वर्गभर सांगणार! टेस चटकन टेबलाखाली वाकली आणि खोटंखोटंच खोकं चाळू लागली.

"ही टेबलाला टेकवलेली काठी केवढ्याला?" वरून कुणीतरी विचारलं. मिसेस फोगल दुसऱ्या गिऱ्हाइकाला कपबश्या दाखवण्यात गुंतल्या होत्या.

"दोन डॉलर! न्या!" मान वर न करताच टेस म्हणाली.

डेलनी निघून गेली. टेसनं सुटकेचा श्वास सोडला. पण थोड्याच वेळात मिसेस फोगल इकडेतिकडे चाचपडू लागल्या.

"माझी काठी कुठं गेली गं? बदकाच्या मुठीची?"

टेसला मघाची ती टेकवलेली काठी आठवली. आत्ताच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात मिसेस फोगलचा मुलगा गेरहार्ट आला.

"आई, परत? परवा चष्मा, आज काठी! म्हणून म्हणतो, एकटीनं राहणं आता पुरे. सोमवारी वृद्धाश्रमात तुझं नाव घालून येऊ."

"मी इथंच टेकवली होती रे," मिसेस फोगल म्हणाल्या. मग हळूच, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं टेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिचं तोंड उघडलं नाही!

ओडीनं तिला ओढत घरामागं नेलं. "तू टोमॅटोसारखी लाल का झालीस? खरं बोल!"

टेसनं सगळं सांगितलं.

"वेडी आहेस का? तुझ्या एका स्वेटशर्टापायी त्यांचं घर सुटणार?" ओडी उसळला. "चल! काठी कोण घेऊन गेलं, ते मी पाहिलंय. तो गवती टोपीवाला! सकाळी स्वस्तात उचलतो आणि दुपारी स्वतःच्या अंगणात चढ्या भावानं विकतो!"

मिल रस्त्यावर टोपीवाल्याच्या अंगणात काठी दिसली. चिठ्ठी बारा डॉलरची! दोघांचे खिसे झाडून निघाले चार.

"त्याला खरं सांगूया?" टेसनं विचारलं.

"म्हणजे वीस मागेल! आई काय करते, आठव."

टेसला आठवलं. हव्या त्या वस्तूकडे बघायचंच नाही. आवराआवरीच्या वेळी जायचं. विकणाऱ्याला जे उचलायचा कंटाळा येतो, तेच आधी मागायचं. आईच्या याच युक्त्यांची तिला आजवर किती लाज वाटायची!

दोघं झाडाखाली दबा धरून बसली. तीन वाजता टोपीवाला सामान गाडीत भरू लागला, तशी टेस पुढं झाली. "ही गोल्फच्या चेंडूंची बादली केवढ्याला?"

"पाच."

"चार देते. पण उचलायची कशी? ती काठी द्या सोबत. बादली अडकवून दोघं खांद्यावर नेऊ."

"काठी बाराची आहे!"

"मग राहू द्या." टेसनं पाठ फिरवली.

टोपीवाल्यानं बादली उचलून पाहिली. कण्हत खाली ठेवली. "अरे थांबा! न्या एकदाचं सगळं!"

वाटभर ओडी खिदळत होता. टेसला हसू आलं नाही.

"सापडली?" दोघं काठी घेऊन अंगणात शिरताच गेरहार्ट म्हणाला. "झुडपात असणार! बघ आई!"

"माझी गुणाची पोर!" टेसच्या आईनं कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण तो हात टेसला सोसवेना.

"झुडपात नव्हती. मी विकली, न बघता. मिसेस फोगल काहीच विसरल्या नव्हत्या!"

"न बघता कशी विकलीस?" आईनं विचारलं.

"डेलनी आली होती. तिनं तिचा स्वेटशर्ट ओळखू नये म्हणून मी लपले."

आईचा हात पाठीवरून गळाला. ती टेबलावरची चादर काढू लागली.

"आई, माझं चुकलंच," गेरहार्ट पुटपुटला.

"सोमवारी मला वेळ नाही," मिसेस फोगल ठसक्यात म्हणाल्या. मग टेसला जवळ घेऊन म्हणाल्या, "शाबास! काठी परत आणलीस, वर खरंही बोललीस. पण पोरी, दिवसभर मला माझाच भरवसा वाटेना गं."

टेस आईजवळ गेली.

"दुसरं टोक मी धरते, आई."

आईनं चादरीचं टोक तेवढं टेसच्या हातात दिलं.