कहाणी कोणी ऐकली

मलकापूरला मी गेले होते ती लेकीला गाडीत बसवून द्यायला, एवढंच. जळगाव जामोदहून सकाळची बस धरली, मांडीवर दुधातल्या दशम्यांचा डबा, जवसाची चटणी, तिळाचे लाडू. नीरजा शाळेत भूगोल शिकवते. पुण्याच्या एका संस्थेची शास्त्रज्ञ मंडळी जैसलमेरकडच्या वाळवंटात एक आटलेली नदी शोधायला निघाली होती, आणि सोबत काही शिक्षकांनाही नेत होती. त्यात हिची निवड झाली. आनंद इतका की पोरीला रात्री झोप नाही.

हे फलाटावर उभे राहून तिला चिडवत होते. "रेती पाहाले एवढ्या दूर काऊन चालली वं? इथं नदीतली रेती रोज टरकानं चोरीले जाऊन राह्यली, ते शोध ना आधी!"

"बाबा, तुमची रेती टरकात बसून हिंडते. माही रेती हजारो वर्षांपासून जागची हालली नाही."

"मंग तुह्यासारखीच आहे म्हन, सकाळी उठवलं तरी हालत नाही."

ती हसली. तेवढ्यात मी तिच्या हातात कापडाची पुरचुंडी दिली. त्यात गहू होते.

"आई, तिथंही?"

"तिथंही. ऐकायची तूच यंदा."

हे गहू कशाचे ते सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. पौषातल्या रविवारी मी सूर्यनारायणाचं व्रत करते. सासूबाईंनी दिलेला वसा आहे. रांगोळीनं सूर्य काढायचा, पूजा करायची, आणि ऊन परसातल्या कडुनिंबाच्या वर चढायच्या आत कहाणी सांगायची. सांगणारीच्या पोटात अन्नपाणी नको, ऐकणारीच्याही नको. दोघींच्या मुठीत तीन-तीन गहू. ऐकणारीनं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा. एकदा सुरू केली की कहाणी मधे मोडायची नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी नाही. घरात कोणी उपाशीपोटी नसेल, तर दार उघडून विचारायचं, "कोणी उपाशी आहे का?" जो पहिल्यांदा हो म्हणेल त्याला सांगायची. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही, आणि त्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही.

फळ काय? जो ही कहाणी पूर्ण ऐकतो, तो कितीही दूर गेला असला तरी घरी येतो.

म्हणून मला ऐकणारी नीरजाच हवी होती. आईचं मन, दुसरं काय!

पहिल्या रविवारी तिचा फोन बरोबर वेळेवर आला. मी देवघरात निरांजनाजवळ फोन ठेवला, कहाणी सांगितली. तिकडून तिचा हुंकार यायचा, मधेच वारा, मधेच उंटाच्या गळ्यातली घंटा. संपल्यावर ती भडाभडा बोलत सुटली.

"आई, इथं आम्ही खोल खड्डा खोदला. त्याच्या भिंतीत लोखंडी नळी ठोकतो, अन् रेती भरली की काळ्या कपड्यात बांधून टाकतो. तिच्यावर ऊन पडलं की सारी मेहनत वाया."

"काऊन वं? उन्हानं काय होते?"

"रेतीच्या कणाले आठवते आई, त्यानं शेवटचं ऊन कधी पाह्यलं. त्याच्यावरून कळते नदी कधी बुजली. एकदा ऊन लागलं की तो सारं विसरते."

मी म्हटलं, बघा, सूर्यनारायणाची आठवण रेतीलाही असते. मला ते फार आवडलं. दुसऱ्या रविवारी मात्र ती जरा कमी बोलली. म्हणाली, "खड्ड्यात उतरलं की लय गार लागते आई. बाहेर ऊन अन् आत... असं वाटते, कोणी वाट पाहून राह्यलं." मग स्वतःच हसली. "उपासानं डोकं चाललं नाही माहं. चाल, आता चहा पेतो."

तिसऱ्या रविवारी फोन आला नाही.

मी लावला, लागेना. पुन्हा लावला. रांगोळीतल्या सूर्यावर हळद वाहून झाली, निरांजन तेवत होतं, ऊन कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर आलं. ह्यांचा तर उठल्याबरोबर चहा झालेला. शेजारच्या राखीला भिंतीवरून हाक मारली, तर ती म्हणाली, "काकू, आता पोहे खाल्ले ना वं मी! आधी तरी सांगाचं." ऊन वर सरकत होतं. व्रत मोडलं तर नीरजाचं काय, एवढंच डोक्यात. मी मागचं दार उघडलं.

आमच्या घरामागे सरपणाची खोपटी आहे, तिच्यामागे कपाशीचं शेत, आणि मग थेट सातपुडा. सकाळ असूनही वारा पडलेला. शेतात वेचणीला बाया आलेल्या नव्हत्या. एक पाखरू बोलत नव्हतं.

"कोणी उपाशी आहे का?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात खोपटीच्या अंधारातून आवाज आला.

"हाव."

बाईचा आवाज होता. कोरडा, म्हणजे कित्येक दिवस त्या घशाखाली पाणी उतरलं नसावं असा. मला वाटलं, वेचणीची कोणी बाई थंडीनं आडोशाला बसली असेल.

"बाहेर ये ना माय. उन्हात बस."

"ऊन नोको... इथूनच ऐकते."

विचारायचं नाही म्हणजे नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि तीन गहू पुढे केले. अंधारातून एक हात आला. तळवा इतका गार, की विहिरीच्या आतल्या दगडाला हात लागल्यासारखं वाटलं. गहू तिच्या हातावर पडताना माझ्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. रेती.

मी सांगू लागले. ती हुंकार देत होती. पण कसा देत होती, ते सांगता येत नाही मला. वाक्य संपल्यावर हुंकार यायला हवा ना? तिचा आधीच यायचा. तहानलेलं माणूस तांब्या ओठाला लागायच्या आत तोंड उघडतं, तसा.

कहाणीत एक जागा आहे. हरवलेली लेक फिरत फिरत गावच्या वेशीपाशी येते, आणि वेशीवरचे तिला ओळखत नाहीत. मी तिथे आले, आणि आत देवघरात फोन वाजू लागला.

नीरजाच असणार. पण कहाणी मोडायची नाही. मी उठले नाही. मुठीतले गहू आवळले आणि सांगत राहिले. फोन वाजत राहिला... वाजत राहिला... मग थांबला.

कहाणी संपली तेव्हा खोपटीतून विचारलं, "जो ऐकते, तो घरी येते ना?"

"येते माय. कितीही दूर असो."

"बरं."

मी भाकरी आणि पिठलं वाढून आणलं तर खोपटीत कोणीच नव्हतं. सरपणापाशी जमिनीवर हातभर जागेत बारीक, फिकी रेती पडलेली. आमची माती काळी. अशी रेती इकडे नाही.

फोनवर नीरजाचं नाव होतं. मी उलट लावला, लागला नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला मोहिमेच्या गार्गी मॅडमचा फोन आला. "काकू, घाबरू नका. नीरजा पहाटे टेकाडावर गेली होती, तिथे फोनला रेंज येते म्हणून. म्हणाली आईची कहाणी ऐकून आल्यावरच चहा घेईन. मग वादळ उठलं... आम्ही शोधतोय."

मी देवापुढे बसले. काय बोलू? माझ्या व्रतासाठी पोरगी उपाशीपोटी त्या टेकाडावर चढली, आणि तिचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कोणाला कहाणी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ती सापडली. खोदलेल्या खड्ड्यातच, ताडपत्रीखाली, अंगावर एक ओरखडा नाही. गार्गी मॅडम इतकंच म्हणाल्या, "तो खड्डा आम्ही आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा बघितला होता हो, काकू." तिचा फोन मात्र सापडला नाही, तो रेतीतच गेला.

आम्ही मलकापूरला तिला आणायला गेलो. तोंडाला ओढणी गुंडाळून उतरली, डोळे तेवढे दिसत होते. आपल्याकडे सगळ्याच पोरी अशी ओढणी गुंडाळतात, त्यात काय! मी तिला पोटाशी धरलं. अंग गार होतं. प्रवासानं असेल.

हे म्हणाले, "काय वं, सापडली का तुही नदी?"

ती म्हणाली, "हाव. घरी चला."

पुढच्या रविवारी मी पूजा मांडली. अंगणातली रांगोळी बघायला ती आली नाही, देवघराची खिडकी लावून आत बसली. मी गहू द्यायला गेले तर तिनं मूठ उघडली. तिच्या हातावर आधीच तीन गहू होते.

"हे कुठले वं?"

"तूच दिलेले ना आई. मागच्या रविवारी."

"मागच्या रविवारी फोन तर लागला नाही बाई!"

"मी ऐकली पूर्ण." ती शांतपणे म्हणाली. "जो ऐकते, तो घरी येते. आली ना मी?"

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, मला आधी चमत्कारच वाटला. सूर्यनारायणानंच माझा शब्द हजार कोसांवर पोहोचवला असं म्हणून मी हात जोडले. जोडलेल्या हातांना मात्र घाम फुटला होता.

कहाणी सुरू केली. ती हुंकार देत होती. वाक्य संपायच्या आधी. मी वेशीपाशी आले, आणि निरांजनाजवळ ठेवलेला माझा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, नीरजा. तिचा जुना नंबर. नवा फोन घेताना ह्यांनी जुनाच नंबर घे म्हटलं, तर ही नको म्हणाली होती.

मी समोर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. डोळे न मिटता.

"कहाणी मोडू नोको आई," ती हळू म्हणाली. "तूच सांगते ना, मोडू नये..."

मी मोडली नाही.

रथसप्तमीला उद्यापन होतं. अंगणात गोवरीवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं, सूर्याकडे तोंड करून बसले. ह्यांना म्हटलं, नीरजाला बोलवा. हे आत गेले, आणि एकटेच आले. "डोकं दुखते म्हंते. आतूनच ऐकते म्हंते." मग माझ्याजवळ वाकून, कोणी ऐकू नये असं म्हणाले, "नीरजाची आई... ही रात्रीची उठते पन पाणी पेत नाही, माहीत आहे का तुले? माठापाशी उभी राहते फक्त."

कहाणी सांगू लागले. दूध उतू गेलं. वेशीपाशी आले, आणि फोन वाजला. इतक्या वर्षांच्या वशात पहिल्यांदा मी कहाणी मोडली. फोन उचलला.

आधी नुसता वारा. रेती काचेवर मारावी तसा आवाज. मग...

"आई... ऐकू येऊन राह्यलं का? अजून खाल्लं नाही मी. सांग ना..."

आतून, दाराच्या सावलीतून, तोच आवाज आला. "आई, कोण आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही वं. चुकीचा नंबर."

त्या दिवशी मी उद्यापन केलं नाही. व्रत पुढे चालू ठेवलं. पौष कधीच सरला, माघही सरला, लोक म्हणतात हिचं काहीतरीच. दर रविवारी मी निरांजनाजवळ फोन ठेवते, तो वाजला की न बोलता उचलून उलटा ठेवते, आणि कहाणी पहिल्यापासून सांगते. दोन हुंकार येतात. एक समोरून, वाक्याच्या आधी. एक फोनमधून, वाक्यानंतर, थकलेला. फोनशेजारी मी तीन गहू ठेवते.

घरातली वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझे पाय चेपून देते, ह्यांच्या गोळ्यांची वेळ चुकवत नाही. तिनं उपाशी आहे म्हटलं, मी सांगितलं. कोण जाणे किती काळ अंधारात बसली होती बापडी. घर तिलाही हवं असेल. पण फळ जो ऐकतो त्याला मिळतं. आणि आता ऐकणारी दुसरीही आहे.

पहिले काही रविवार फोनमध्ये वाराच होता. मग एका रविवारी रेल्वेचा खडखडाट आला. मग मलकापूरच्या फलाटावर गाडीची सूचना देतात ना, ती. त्या दिवशी ह्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि उठून गेले. मग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांतून कोणी चालावं, तशी सळसळ.

आजच्या रविवारी कहाणी शेवटाला आली आणि फोनमध्ये कुकरची शिट्टी वाजली. राखीच्या घरच्या कुकरची. तीच शिट्टी मी भिंतीपलीकडूनही ऐकली, त्याच क्षणी.

समोरचा हुंकार थांबला. घरातल्या नीरजानं मुठीतले गहू घट्ट धरले, आणि देवघराच्या अंधारातून विचारलं,

"आई... मागचं दार लावलं ना?"

"लावलं वं," मी म्हटलं, आणि कहाणीचं शेवटचं वाक्य सांगितलं.

दार मी पहाटेच उघडून ठेवलं होतं. उंबऱ्यावर दशम्यांचं ताट आणि पाण्याचा तांब्या आहे. सकाळपासून तांब्यातलं पाणी थोडं थोडं कमी होतंय.